हात छान आहे, पण स्वतःचं काही सुचत नाही

डिझाइन किंवा आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांचे आईवडील समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मॅडम, हात छान आहे हो हिचा, पण स्वतःचं म्हणून काही सुचतच नाही." त्यामागे एक भीती असते. मुलीत कल्पकता मुळातच नसेल तर? नागपुरातल्या एका मुलीची गोष्ट सांगते, म्हणजे या भीतीचं उत्तर नीट देता येईल. तिची आणि घरच्यांची परवानगी घेतलेली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी बारावीत होती. राहायला मानेवाड्याकडे, क्लास धरमपेठेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षांत 'अ' श्रेणी मिळालेली. आईने मोठी फाइल सोबत आणली होती. वस्तुचित्रं, संकल्पचित्रं, फोनवर पाहून काढलेली व्यक्तिचित्रं, सगळी देखणी आणि एकही डाग नसलेली. पण यूसीड ही डिझाइनच्या प्रवेशासाठी आयआयटी मुंबईतर्फे घेतली जाणारी परीक्षा, आणि तिच्यात कागदावर हाताने सोडवायचा भाग असतो. त्याच्या सरावात 'बसस्टॉपवर थांबलेल्या म्हाताऱ्या माणसाची एखादी अडचण सोडवा' असा प्रश्न आला की ही थिजून जायची. वेळ संपेपर्यंत पान कोरं. बाबा म्हणाले, "सर रोज सांगून राहिले, काहीही काढ, पण काढ. ही नुसती बसून राहते."

अशा वेळी मी आधी झोप, भूक, मैत्रिणी, शाळा-कॉलेजातलं मन याबद्दल विचारते. सगळीकडेच असं थिजणं होत असेल, आवडत्या गोष्टींतूनही रस गेला असेल, तर ते दुखणं वेगळं असतं आणि त्याला चित्रांच्या वहीसारखा उपाय पुरत नाही. इथे तसं नव्हतं. मुलगी गप्पिष्ट होती, खात-पीत होती, भावाशी भांडत होती. अडत होतं ते कोऱ्या पानासमोर.

मी तिला रफ वही मागितली. ती गोंधळली. "रफ म्हणजे? चित्र बिघडलं तर मी पान फाडून टाकते."

मग कळलं की चांगलं झालेलं प्रत्येक चित्र त्याच दिवशी आईच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर जातं. आत्या, मावश्या, बाबांच्या ऑफिसातली मंडळी कौतुक करतात. यात आईचं प्रेमच होतं, आणि मी ते कमी लेखत नाही. पण मुलीच्या हातून कागदावर उतरणारी प्रत्येक रेघ लोकांनी बघायचीच असेल, तर अर्धवट विचार कुठे करायचा? तिच्याकडे तशी जागाच उरली नव्हती.

दुसरी सवय म्हणजे, काहीही काढायचं झालं की आधी फोनवर तसलीच दहा चित्रं शोधायची. १९९१ साली अमेरिकेत डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ या दोघांनी या सवयीला लागू पडणारा एक अभ्यास प्रसिद्ध केला. डिझाइन करणाऱ्यांना न सांडणारा कॉफीचा पेला तयार करायला सांगितला होता. काहींना आधी एक नमुना दाखवला, त्यात स्ट्रॉ होती, आणि स्ट्रॉ वापरायची नाही असंही बजावलं. तरी नमुना पाहिलेल्यांच्या चित्रांत नमुन्यातल्या गोष्टी उतरल्याच, त्यातले दोषसुद्धा. हे मी मुलीला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा सैलावला. आपल्यात काहीतरी कमी आहे असं ती धरून बसली होती. तयार चित्र समोर असलं की अनुभवी माणसाचंही असंच होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

ग्रेड परीक्षांना मी दोष देणार नाही. त्यांनी हाताला वळण लागतं, नजर बसते, दहावीला जादा गुणांचा फायदाही होतो. पण त्या तयार झालेलं चित्र तपासतात. विचार चालू असतानाची वही कुणी तपासत नाही, आणि तपासूही नये.

आमचं ठरलं ते असं. एक लहान स्केचबुक घ्यायचं, रोजच्या पिशवीत मावेल एवढं. स्वस्तातलं, म्हणजे पान वाया गेलं असं वाटणार नाही. साधं बॉलपेन, खोडरबर नाही. पान फाडायचं नाही. कोपऱ्यात तारीख. चित्राशेजारी शब्द लिहायला मुभा, बाण काढायला मुभा. फोन दुसऱ्या खोलीत. आणि वही कुणालाही दाखवायची नाही, मलासुद्धा नाही. या शेवटच्या अटीवर आईचा चेहरा पडला, मुलीचा उजळला.

काय काढायचं याचं बंधन एकच, समोर असलेली आणि वापरात असलेली वस्तू. सीताबर्डीला मेट्रो बदलताना लोक कुठे घुटमळतात. तर्री पोह्यांच्या ठेल्यावर कढई, कांदा, शेव, प्लेटा कशा हाताशी मांडलेल्या असतात, की ठेलेवाला जागचा न हलता गर्दी निपटवतो. संत्र्यांच्या ढिगाचा खालचा थर कशाने अडतो. सुंदर काढायचं नव्हतं, कसं चालतं ते शोधायचं होतं.

सुरुवातीला तिने वही दोनदा टाकून दिली. "घाण दिसते मॅम," म्हणाली. ज्यांचा हात आधीच चांगला आहे त्यांना हा टप्पा जास्त जड जातो, असा माझा अनुभव आहे. ज्याला चित्र येत नाही तो मुलगा रेघोट्या ओढायला मोकळा असतो. हिला मात्र स्वतःची वाकडी रेघ सोसत नव्हती. तेव्हा आम्ही चित्राबद्दल बोललोच नाही. वाकडी रेघ दिसल्यावर पोटात नेमकं काय होतं, कुणाचा आवाज ऐकू येतो, यावर बोलत राहिलो. कधी कधी ती रडली. पुढे एक दिवस तिने आपणहून विचारलं, "कूलर काढला तर चालेल?"

एप्रिलचं नागपूर म्हटल्यावर कूलर ओघाने आलाच. बाहेरचा पेटारा तिने झटकन काढला. आतलं काढताना पेन अडलं. पाणी वर जातं कसं? वरून खाली गळतं कुठून? घरात जन्मापासून कूलर होता, रोज पाणी भरत होती, आणि पंप कुठे बसतो ते तिला ठाऊक नव्हतं. बाबांनी प्लग काढला, बाजूची जाळी उघडून दिली. तळाच्या टाकीतला छोटा पंप, वर जाणारी नळी, वरच्या पन्हळीची भोकं, त्यातून भिजणाऱ्या गवताच्या ताट्या. पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या गवतातून आत खेचतो, पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि हवा गार होते. म्हणूनच मे महिन्यात गारेगार करणारा कूलर जुलैच्या दमट हवेत नुसती चिकचिक करतो. दहावीच्या पुस्तकातलं बाष्पीभवन तिला त्या पानावर पहिल्यांदा दिसलं. बोलताना 'हो, माहिती आहे' म्हणून निसटता येतं. काढायला बसलं की जे माहीत नाही तिथे रेघ थांबते. स्केचबुकचा मला वाटणारा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

त्याच पानाच्या खाली तिने आजी काढली. रात्री पाणी संपलं का ते बघायला आजी टॉर्च घेऊन वाकते, तिचे गुडघे दुखतात. टाकीतल्या पाण्यावर तरंगणारा एक चेंडू काढताना पेन घसरलं आणि चेंडूतून एक उभी रेघ वर गेली. पूर्वी तिने पान फाडलं असतं. आता तिला ती रेघ झेंड्याच्या काठीसारखी दिसली. तरंगत्या चेंडूला काडी, काडीवर लाल कापड, वरच्या पत्र्याच्या भोकातून बाहेर. पाणी उतरलं की झेंडा उतरेल, आजीला खाटेवरूनच कळेल.

यात चमत्कार काही नाही. मासाकी सुवा आणि बार्बरा ट्वर्स्की यांनी १९९७ साली वास्तुरचनाकारांच्या कच्च्या आराखड्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. काढताना मनातही नसलेल्या गोष्टी आपल्याच आराखड्यात पुन्हा पाहताना त्यांना सापडत होत्या. नुसतं डोक्यात ठेवलेल्या विचारात असं काही सापडणं अवघड, आणि अगदी घोटून पूर्ण केलेल्या चित्रात तर त्याला जागाच राहत नाही.

बाबांची शंका उरली होती, "पण हे कलाकारांचंच काम ना? माझा मुलगा सायन्सला आहे, त्याला काय उपयोग?" त्यांना मी चार्ल्स डार्विनबद्दल सांगितलं. आपल्याला चित्र काढता येत नाही याची खंत त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. तरी १८३७ सालच्या त्याच्या वहीत फांद्या फुटत जाणारी एक ओबडधोबड आकृती आहे, वर 'मला वाटतं' एवढेच शब्द. सजीवांचं नातं तो त्या रेघांत शोधत होता. पुढे १८५९ साली आलेल्या त्याच्या ग्रंथात एकच आकृती आहे, तीही फांद्यांचीच. भावानेही वही घेतली, तो तिच्यात सर्किट काढतो.

वहीमुळे गुण वाढतील असं आश्वासन मी दिलं नाही, देतही नाही. मुलगी आजही कधीकधी प्रश्न वाचून थबकते. पण आता ती 'काय भारी सुचेल' याची वाट बघत नाही, या माणसाला मी कुठे पाहिलंय ते आठवून तिथून काढायला लागते. सरावाच्या वेळी पान कोरं राहत नाही.

आईने शेवटी विचारलं, "आम्ही ती वही कधीच बघायची नाही का?" मी म्हटलं, तिने दाखवली तर जरूर बघा, फक्त फोटो काढू नका आणि 'छान' म्हणून थांबू नका. 'इथे काय चाललंय?' असं विचारा. पुढच्या भेटीत आई सांगत होती की कूलरच्या पानावर दोघी स्वयंपाक बाजूला ठेवून बोलत बसल्या. झेंडा भोकात अडकतो म्हणे, काडी तिरकी होते. आईने भोकात बांगडी बसवायचं सुचवलं आहे, मुलीला ते पटलेलं नाही, आणि तिने त्याखाली आणखी तीन उपाय काढले आहेत.