मुलाचा खासगी फोटो पसरवण्याची धमकी देऊन कोणी पैसे मागत असेल, तर देऊन मोकळं व्हावं का?

नाही, एक पैसाही देऊ नका. दिले की मागणी वाढते, कारण इथून आणखी उकळता येतील हे समोरच्याला कळतं. मुलाला ओरडू नका, त्याने सांगितलं हेच मोठं धाडस आहे. चॅट डिलीट न करता युजरनेम, धमकीचे मेसेज, पैसे मागितलेलं खातं यांचे स्क्रीनशॉट घ्या. मग रिपोर्ट, ब्लॉक आणि पोलीस. फोटोसाठी ‘टेक इट डाउन’ ही अमेरिकेतल्या, बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या एनसीएमईसी संस्थेची मोफत सेवा २०२३पासून आहे. १८ वर्षं पूर्ण होण्याआधीच्या फोटोंसाठी ती चालते. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे तो फोटो ओळखणारा एक सांकेतिक क्रमांक, तयार होतो आणि सहभागी साइट्स त्यावरून फोटो शोधून काढून टाकू शकतात. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच वाचता न येणाऱ्या चॅटमध्ये, फिरणाऱ्या फोटोवर मात्र तिचा उपयोग होत नाही.