भिंतीवर लिहायचंय? आधी भिंत तपासा

क्लासची अख्खी भिंत फळा करायची कल्पना छान आहे, पण व्हाइटबोर्ड रंगाचा (ज्यावर मार्करने लिहून पुसता येतं) डबा आणण्याआधी भिंतीवरून हात फिरवा. खरखरीत लागली तर मार्करची शाई त्या बारीक खड्ड्यांत बसते आणि पुसल्यावरही निळसर डाग राहतो. त्यामुळे खरा खर्च पुट्टी आणि घासकामाचा धरा. जुना डिस्टेंपर असेल तर पूर्ण खरवडा, त्यावर नवा रंग नीट धरत नाही. मग पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर. दिवे घालवून बाजूने टॉर्च मारा, उंचवटे लगेच दिसतात. पेंटर कुरकुर करेल, करू द्या.

हा रंग बहुधा दोन भागांत येतो. एकत्र केले की तो घट्ट व्हायला लागतो, उरलेला उद्या चालत नाही. टेप, फोमचा रोलर, हाताखालचा माणूस, सगळं तयार असेल तेव्हाच मिसळा. आणि आधीचा पट्टा ओला असतानाच शेजारचा मारा, नाहीतर जोड दिसतो.

नाशिकच्या पावसाळ्यात हे काम काढूच नका. पंचवटीतल्या जुन्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर तर कधीच नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. वास असतो, खिडक्या उघड्या ठेवा.

हाताला कोरडा लागला तरी लगेच लिहू नका. साधारण आठवडाभर थांबावं लागतं, नेमकं डब्यावर वाचा. पोरं ऐकणार नाहीत, सरळ खोलीला कुलूप लावा.

कुणी परमनंट मार्करने लिहिलंच तर त्यावरून व्हाइटबोर्ड मार्कर गिरवून लगेच पुसा, बहुतेक वेळा निघतं.