ओढा भरला की टेरेन किती?

प्रश्न: उन्हाळ्यात मी ओढ्यापलीकडच्या कपारीत जिओकॅशचा (जीपीएसवरून लपवलेला डबा शोधायच्या खेळातला) डबा लपवला. पात्र कोरडं होतं, म्हणून टेरेन, म्हणजे वाट किती अवघड त्याचा आकडा, 2 दिलं. आता गुडघाभर पाणी आहे आणि एका शोधकाने लॉगमध्ये, म्हणजे डब्याच्या नोंदीत, लिहिलंय, 'हे 2 कसलं, 3.5 आहे.' दर ऋतूत आकडा बदलू, की मधला 3 ठेवू?

उत्तर: दोन्ही करू नका. मधला 3 तुमच्या ओढ्याला वर्षातल्या कुठल्याच दिवशी लागू पडत नाही. आणि आकडा बदलला की आधी डबा शोधलेल्यांच्या नोंदीतही तो बदलतो. डिफिकल्टी (डबा शोधायला किती अवघड) आणि टेरेन, दोन्ही 1 ते 5, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. म्हणजे 81 जोड्या. प्रत्येक जोडीचा एकेक डबा शोधून त्यांचा तक्ता भरायला लोक वर्षं घालवतात. त्यांचा भरलेला चौकोन आपण रिकामा करू नये.

मी महिने मोजते. आठ महिने पात्र कोरडं असेल, तर 2 बरोबर आहे. उरलेल्या चार महिन्यांचं डब्याच्या वर्णनात पहिल्याच ओळीत लिहा आणि पाण्यातून चालावं लागण्याचं चिन्ह लावा.

टेरेन 1 ला मात्र महिने मोजायचे नाहीत. 1 म्हणजे व्हीलचेअरवरून पोचता येईल, असा शब्द आपण देतो. मुरमाच्या सपाट वाटेवरच्या माझ्या एका डब्याला मी 1 दिलं होतं. पहिल्या पावसानंतर एका शोधकाने लिहिलं, 'चाकं रुतली, अर्ध्यातून परतलो.' तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून जास्तच लागलं. वाट उरलेलं वर्षभर चांगली होती, पण तो आला त्या दिवशी नव्हती. मी त्याच दिवशी 1.5 केलं आणि व्हीलचेअरचं चिन्ह काढलं. तिथे कुणाच्या चौकोनाचा विचार केला नाही.

तुमच्या ओढ्याला ओढ असेल, तर गुडघाभर पाणीही माणसाला पाडतं. तेवढे आठवडे डबा तात्पुरता बंद ठेवा. जोराचा पाऊस होऊन गेला की काठावर जाऊन, पाण्यात न उतरता, कुठला दगड बुडालाय ते बघून या. 'हा दगड दिसत नसेल तर परत फिरा' असं त्याच्या फोटोसह वर्णनात घाला.