मुंबईतला फ्लॅट विकून कोकणात समुद्राकाठी वाडी घ्यावी का?

‘खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे, बाकी कशीही जागा चालेल,’ असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. मी त्या वाक्यावरच अडलो, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

मी श्रीवर्धन तालुक्यातला. घरापासून समुद्र चालत चार मिनिटांवर. पण वयाच्या ४२ वर्षांपर्यंत आमच्या घरातून समुद्र कधी दिसला नव्हता. ऐकू यायचा. रात्रीची गाज ऐकून उद्या वारा कसा असेल ते आई सांगायची. दिवेआगरला जा, गुहागरला जा, जुनी घरं नीट बघा. तोंड रस्त्याकडे, पाठीमागे आगर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, आगर संपलं की केवडा नाहीतर सुरूची झाडं, आणि मग पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. समुद्राकडे पाठ करून बसलेली घरं आहेत ती. बांधणाऱ्यांना समुद्राचं प्रेम नव्हतं असं नाही. खारा वारा माडांनी आणि पोफळींनी, म्हणजे सुपारीच्या झाडांनी, अंगावर घ्यायचा आणि माणसांनी त्यांच्या आड राहायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्यावरूनच गेलं. लॉकडाऊन होतं, घरात मी, बायको आणि आई. दुपारी वारा असा चढला की ओटीवरची कौलं सुटून खळ्यात पडायला लागली. आम्ही माजघरात भिंतीला टेकून बसलो. पोफळ मोडते तेव्हा बांबू फुटल्यासारखा आवाज येतो. पहिले दहा-बारा मोजले, मग मोजवेना. संध्याकाळी वारा पडल्यावर मागचं दार उघडायला गेलो तर बाहेरून माडाचे झाप, म्हणजे झावळ्या, अडकलेले. खांदा लावून ढकललं आणि एकदम डोळ्यांवर उजेड आला. आमच्या मागल्या दारी वैशाखातही सावली असायची. आई माझ्या मागे उभी होती. म्हणाली, “समुद्र दिसतोय रे.” आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

३१० पोफळी होत्या, २१ उभ्या राहिल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीची झाडं, निम्मी आजोबांच्या हातची. सरकारी मदत आधी हेक्टरी होती. आमची आगरं गुंठ्यांची, त्यात कोणाच्या हातात काय पडणार? आरडाओरड झाल्यावर झाडावर आली: पोफळीला ५० रुपये, माडाला २५०. पडलेली पोफळ तोडून बाजूला करायची मजुरीसुद्धा त्यात निघाली नाही.

माझा मोठा भाऊ डोंबिवलीला असतो. ई-पास काढून दहाव्या दिवशी आला. आगरात उभा राहून रडला, ते मी नाकारत नाही. पण रात्री जेवताना म्हणाला, “आता विकून टाकू. मागच्या पडवीतून समुद्र दिसतोय, भाव दुप्पट येईल. तू तरी इथे राहून काय मिळवलंस?” मला त्या वेळी बोलता आलं नाही. आईसमोर भांडण नको म्हणून हात धुवून उठलो.

काय मिळवलं ते आता सांगतो. मे महिन्यात पहाटे पंप लावून शिंपायला लागलं की पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात उतरतं, आणि सगळ्या आगराला ओल्या मातीचा आणि पोफळीच्या कुजत्या विऱ्यांचा, म्हणजे गळलेल्या पानांचा, वास सुटतो. कोळीवाड्यातली मावशी मांदेली ठेवून जाते आणि पैसे न घेता चार नारळ नेते. आई माझ्या घरात, तिच्या माणसांत गेली. डोंबिवलीच्या दुसऱ्या मजल्यावर गेली नाही. दादा, हे मिळवलं.

पोफळीच्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून त्याच पावसात आधी केळी लावल्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ समुद्रातून वर सरकलं, त्यात निम्म्या केळी लोळल्या. तरी मिरगाला २८० रोपं लावलीच. यंदा त्यातल्या काहींना पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली.

आता तुमचं. शेतजमीन घ्यायची तर तुम्ही कागदोपत्री शेतकरी असायला हवं, हे माहीत असेलच. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे, नियम आहेत आणि अगदी किनाऱ्यालगत नव्या घराला परवानगी मिळणं कठीण. ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्या एजंटावर विश्वास ठेवू नका. विहिरीचं पाणी मे महिन्यात स्वतः चाखून बघा. पावसाळा संपल्यावर सगळ्याच विहिरी गोड लागतात. शेजारी मोठं रिसॉर्ट असेल तर दोनदा चाखा, कारण उपसा वाढला की गोडं पाणी खाली जातं आणि समुद्राचं आत शिरतं. आणि मागे झाडं ठेवा. समुद्र दिसावा म्हणून माड तोडणाऱ्याने कोकणात येऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं राहणाऱ्यासाठी. शनिवार-रविवारपुरतं यायचं असेल तर घेऊ नका, चार महिने न शिंपलेली वाडी जाते. मुलं शाळेत असतील किंवा घरात कोणाला हृदयाचं दुखणं असेल तरी थांबा. आमच्याकडून मोठ्या दवाखान्यासाठी माणगाव-महाड गाठावं लागतं, नाहीतर थेट मुंबई. वानरांचं सांगायचं राहिलं, कोवळे नारळ ती ठेवत नाहीत.

आणि सामाईक सातबाऱ्याची जागा असेल तर प्रत्येक सहहिस्सेदाराला भेटल्याशिवाय बयाणा देऊ नका. त्यातला एखादा सही करणारा नसतो. आमच्या सातबाऱ्यावर तो मी आहे. दादाला फोनवर तीनदा सांगून झालंय, इथेही लिहून ठेवतो.