सरकारी ऑफिसात पूजा घालणं घटनेत बसतं का? अमेरिकेसारखी धर्म आणि राज्याची फारकत आपल्याकडे का नाही?

नाशकातल्या एका सरकारी कार्यालयात मी 31 वर्षं कारकुनी केली. त्यातली सात-आठ वर्षं श्रावणातल्या सत्यनारायणाच्या वर्गणीची यादी माझ्याच अक्षरात असायची. म्हणजे या प्रश्नात मी साक्षीदार कमी आणि आरोपी जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आधी फारकतीचं बघू, कारण त्याचं उत्तर आमच्या पंचवटीतच आहे.

अमेरिकेच्या घटनेतली पहिली दुरुस्ती 1791 ची. सरकारने कोणताही धर्म अधिकृत करायचा नाही आणि कोणाच्या उपासनेच्या आडही यायचं नाही, असं ती सांगते. धर्म आणि राज्य यांच्यातली ती प्रसिद्ध 'भिंत' घटनेत नाही, ती तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या 1802 च्या एका पत्रात आहे. आणि तिथेही वाद मिटलेला नाही. सरकारी शाळेतला फुटबॉल कोच सामना संपला की मैदानात गुडघे टेकून प्रार्थना करायचा. तो त्याचा हक्कच आहे, असा निकाल तिथल्या सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये 6 विरुद्ध 3 मतांनी दिला.

आता काळाराम मंदिराकडे या. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला, आणि दादासाहेब गायकवाडांनी तो नाशकात राहून लढवला. दरवाजे आतून बंद, बाहेर हजारो माणसं, आणि बंदोबस्ताला सरकारी पोलीस. त्या वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. सत्याग्रह पाच वर्षं रेटला, दार काही उघडलं नाही. शेवटी 13 ऑक्टोबर 1935 ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. इंग्रज सरकारचं म्हणणं एकच, आम्ही कोणाच्या धर्मात पडत नाही. त्यांच्या या न पडण्याचा फायदा कोणाला झाला ते दिसतंच आहे.

म्हणून आपल्या घटनेने पक्की भिंत घातली नाही. कलम 25 ने प्रत्येकाला धर्म पाळायचं स्वातंत्र्य दिलं, पण त्यातच सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरं सगळ्यांना खुली करण्याचा कायदा सरकारला करता येईल, असंही लिहून ठेवलं. कलम 27 म्हणतं, एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी खास राखून ठेवलेला कर द्यायची सक्ती कोणावर करता येणार नाही. कलम 28 प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द घटनेच्या सुरुवातीच्या उद्देशिकेत 1976 मध्ये आला, पण ही कलमं पहिल्यापासून आहेत.

मग साहेब पूजेला बसले तर? सोवळं नेसून हात जोडणाऱ्या अधिकाऱ्याला अडवणारा सरळ कायदा नाही. आषाढीला मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची शासकीय पूजा करतात, 12 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांनी काळाराम मंदिराच्या आवारात फरशी पुसली. कोर्टंही अशा बाबतीत सहसा हात घालत नाहीत. उलट बाजूने, 2024 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या नव्या न्यायालयाच्या भूमिपूजनाला आलेले सुप्रीम कोर्टाचे तेव्हाचे न्यायमूर्ती अभय ओक व्यासपीठावरूनच बोलले, की कोर्टाच्या कार्यक्रमात पूजाअर्चा बंद करा आणि घटनेच्या उद्देशिकेपुढे मान झुकवा. भूमिपूजनालाच हे सांगायचं म्हणजे धाडस.

आमच्या ऑफिसात काय व्हायचं ते सांगतो. पूजा कामाच्या दिवशीच, म्हणजे रजा घ्यायला नको. आवक-जावकच्या टेबलावरचे गठ्ठे खाली, चौरंग वर, चार बाजूंना केळीचे खुंट. अधिकाऱ्यांचे 500, कारकुनांचे 200, शिपायांचे 100. यादी घेऊन मी टेबलाटेबलावर फिरायचो आणि नावापुढे टिक करायचो. आमच्या दोन शिपायांपैकी एक बौद्ध, एक मुसलमान. दोघांनीही एकदासुद्धा नाही म्हटलं नाही. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं, ऑफिसात किती एकोपा आहे म्हणून मी घरी सांगायचो! ती यादी संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर जाते आणि प्रत्येकाच्या कामाचा गोपनीय अहवालही त्याच टेबलावर लिहिला जातो, हे त्या दोघांना माझ्याआधी कळलेलं होतं.

एका वर्षी सुरगाण्याहून एक आजी दाखल्यासाठी आल्या होत्या. पहाटेची एसटी पकडून, पिशवीत भाकरी बांधून. कथेचा तिसरा अध्याय चालू होता. कोणीतरी त्यांच्या हातावर शिरा ठेवला आणि म्हणालं, "आजी, प्रसाद घ्या, काम उद्या होईल." त्यांनी तो उभ्यानेच खाल्ला, हात पदराला पुसला आणि विचारलं, "उद्या नक्की ना?" तो कोणीतरी मीच.

कुंभमेळ्याचं गणित मात्र वेगळं आहे, आणि यावर माझे मित्र माझ्याशी भांडतात. लाखो माणसं रामकुंडावर उतरणार असतील तर रस्ते, संडास, पाणी, पोलीस हे सरकारचंच काम. 2003 च्या चेंगराचेंगरीत इथे माणसं मेली आहेत. हजयात्रेच्या अनुदानाविरुद्धचा अर्ज सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये फेटाळला, तेव्हाही म्हटलं होतं की कराचा मोठा हिस्सा एका धर्मासाठी वापरला तरच कलम 27 मोडतं. गर्दीचा बंदोबस्त म्हणजे धर्माचा प्रसार नव्हे. त्याच पैशातून पुढाऱ्यांच्या फोटोंचे स्वागतफलक लागले तर मात्र मी हिशेब मागीन.

तुमच्या ऑफिसात असं काही चालू असेल तर 'पूजा बंद करा' असा अर्ज देऊ नका, दुसऱ्याच दिवशी तुम्ही धर्मद्रोही ठराल. महाराष्ट्र सरकारच्या 1979 च्या वर्तणूक नियमांत सरकारी नोकराने वर्गणी गोळा करण्यावर बंधनं आहेत, ती वाचा. मग 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात एवढंच विचारा: खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशेबाच्या कोणत्या खात्यातून झाला, वर्गणीला परवानगी कोणी दिली, आणि त्या दिवशी काउंटर किती वाजेपर्यंत चालू होतं.