दाखवता येतं तेवढंच सांग

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

गावाच्या इतिहासावर तू केलेल्या कार्यक्रमाबद्दलचा तुझा लांबलचक मेसेज वाचला, फोटोही पाहिले. बॅनर झकास, दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळालं, आणि पुढच्या दोन रांगा सोडल्या तर खुर्च्या ओस. आता खजिनदार म्हणतात, पुढच्या वर्षी एखादा गाजलेला व्याख्याता आणू, मैदान भरेल. आणि तू विचारतेस, ‘काका, लोकांना आपल्याच गावाचा इतिहास नको आहे का?’

धीर सोडू नकोस वगैरे लिहीत नाही, तेवढं तुला कळतं. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मारुतीच्या देवळामागे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, उभी आहे. सभागृहातून चालत पाच मिनिटांवर. आणि तू त्याच वीरगळीचा फोटो पडद्यावर लावून पाऊण तास बोललीस! अगं, दगड तिथं उभा असताना फोटो कशाला? माणसं आली असती की नसती, हा नंतरचा प्रश्न. जी आली त्यांना तरी उठवून तिकडे न्यायचं होतंस.

माझं सांगणं एकच आहे आणि तुला कंटाळा येईपर्यंत मी तेच सांगणार आहे. गावात बोट ठेवून जे दाखवता येतं, तेवढंच सांग. बाकीचं सांगायला जग पडलंय.

वीरगळ दाखवायची तर अंधार पडल्यावर ने. दिवसा शेंदराखाली काही दिसत नाही. टॉर्च समोरून मारलास तर सगळं सपाट दिसतं. तो बाजूनं, दगडाला जवळजवळ टेकवून धर. तिरप्या उजेडात सावल्या पडतात आणि मग घोड्याचे पाय, ढाल, तलवार एकेक करून वर येतात. वाचायची खालून वर. सगळ्यात खाली लढाई, नाहीतर आडवा पडलेला वीर. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. त्याच्या वर तोच वीर शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, कधी कलश. खालच्या चौकटीत गुरं कोरलेली असतील तर गडी गुरं सोडवताना पडला असं समजायचं. हे तू सांगू नकोस. टॉर्च धर आणि गप्प राहा. पोरंच ओरडतील, ‘ए, हा मेलाय बघ!’ म्हाताऱ्या पुढं सरकतील. कुणीतरी विचारेल, याचं नाव काय? लेख कोरलेला नसेल तर नाव कळत नाही, असं सरळ सांगून टाक. बहुतेक वीरगळींवर लेख नसतोच. चिकटवून एखादं आडनाव देऊ नकोस. गावात त्या आडनावाची चार घरं असतील आणि पुढच्या वर्षी तिथं फलक लागलेला असेल.

अक्षरं असलीच तर ती उठावीत म्हणून खडू, पीठ, तेल काही घासायचं नाही. उजेड पुरतो.

तुझ्या मेसेजमध्ये एक वाक्य तू पळवाट काढल्यासारखं लिहिलंयस: ‘दुसरा दगड समितीने वगळायला सांगितला.’ म्हणजे गधेगाळ. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि बाई. अश्लील वाटतो म्हणून वगळला! शिलाहार आणि यादवांच्या काळात जमीन दान दिली की हे दगड रोवत. जो हे दान मोडेल त्याच्या घरच्या बाईची अशी विटंबना होईल, अशी ती शिवी आहे. सरकारी हुकमात शेवटी शिक्षेचं कलम असतं ना, ते हे कलम, आणि वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून कोरलेलं. पोरं हसतील. हसू देत. मग विचार, दान मोडणारा पुरुष आणि शिवी बाईला, हे कसं? तुझ्या पाऊण तासाच्या भाषणानं होणार नाही ती चर्चा तिथं दहा मिनिटांत होईल. वगळायचा असेल तर मग कार्यक्रमच वगळ.

आता तुझ्या बॅनरकडे येतो. ‘हजार वर्षांपूर्वीचे हेमाडपंती मंदिर.’ हे कुठून काढलंस? ज्याच्यावरून हे नाव पडलं तो हेमाद्री पंडित यादवांचा प्रधान, महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरी, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. हजार वर्षांपूर्वी तो जन्मालाही आला नव्हता. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधी चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून इतकं देखणं देऊळ उभं होतं, आणि आपण मात्र काळ्या दगडाचं जे दिसेल त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. हे भाषणात सांगितलंस तर ज्येष्ठ मंडळी रागावणार, आणि त्यांनी का रागावू नये? आयुष्यभर सांगत आलेली गोष्ट तू माइकवरून खोटी पाडतेस. त्यांना देवळात घेऊन जा. सांध्यात नखसुद्धा शिरत नाही ते दाखव. नंतरच्या डागडुजीचा चुना कुठं सुरू होतो ते दाखव. एका खांबावरची नक्षी अर्धीच राहिलीय, ती दाखव. काळाचं कोडं त्यांना स्वतःला पडू दे. पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणणारे आजोबा असतील तर त्यांनाही बोलू दे. ती कथाही गावाचीच आहे, फक्त ती कथा म्हणून नोंदव.

व्याख्यात्यांशी माझं वैर नाही. मी व्याख्यानमालांवर वाढलेला माणूस. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, आणि तिचं बघून तालुक्या-तालुक्यात माला निघाल्या. त्यांनी जग आमच्या दारात आणलं, हे ऋण मोठं आहे. पण स्थानिक इतिहासाच्या नावाखाली जेव्हा पन्हाळा आणि पावनखिंडच ऐकवली जाते, तेव्हा माझं डोकं फिरतं. पन्हाळ्याचा वेढा ऐकायला हजार जागा आहेत. तुझ्या गावच्या वेशीबद्दल बोलायला तुझ्याशिवाय कुणी नाही.

आमच्या मालेचं काय झालं ते तू ऐकलं असशीलच, आणि बहुतेक दुसऱ्या बाजूनं ऐकलं असशील. माझी बाजू सांगतो. कार्यक्रम गढीच्या मैदानावर होता. वक्ते नावाजलेले, आवाज खणखणीत, गर्दी रस्त्यापर्यंत. माणसं रडली, घोषणा झाल्या. आणि व्यासपीठामागचा बॅनर ताणून धरायला कार्यकर्त्यांनी गढीच्या बुरुजाच्या सांध्यात खिळे ठोकले होते. पाठीशी असलेल्या त्या बुरुजाबद्दल दोन तासांत एक शब्द नाही. सकाळी मी खिळे उपटायला गेलो तर चिऱ्याचा कोपराच हातात आला. त्या आठवड्याच्या बैठकीत मी म्हटलं, यापुढे जो वक्ता आधी गढी बघून येणार नाही, त्याला बोलवायचं नाही. मतदान झालं, मी हरलो, बाहेर पडलो. माला पुढं काही वर्षं चालली, मग मानधनाचे आकडे वाढत गेले, देणगीदार कंटाळले आणि ती बंद पडली. आता लोक म्हणतात, ह्यानं फोडली. थोडं जुळवून घेतलं असतं तर चालू राहिली असती, असं तुझी काकूसुद्धा म्हणते. राहिली असती. पण चालू राहून तिनं केलं काय असतं, आणखी खिळेच ना? ज्या मित्राबरोबर ती सुरू केली तो अजून माझ्याशी बोलत नाही. बाजारात समोरून आला तर चप्पल ठीक करायला वाकतो. त्याची खंत आहे आणि ती जाणार नाही. पण उद्या तीच बैठक पुन्हा बसली तर मी पुन्हा उठून जाईन. पाच वर्षं भरणारं मैदान मला नको होतं, मला तो बुरुज हवा होता...

असो. पत्र तुझं आहे.

जुन्या कागदांचं विचारलंयस. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव वणवण करून दप्तरं मिळवली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, एकूण बावीस निघाले. तुला बावीस काढायचे नाहीत. एका घरातला एक रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं कापडी गाठोडं, सोडवून घे. मात्र कागद घरी आणायचा नाही, कितीही विश्वासानं दिला तरी. त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्यासमोर फोटो काढ आणि तिथंच परत रुमालात बांध. एक मोडी पत्र मोठं करून लाव आणि मोडी येणाऱ्या माणसाला ओळीवर काठी ठेवून वाचायला सांग. अडखळला तरी चालेल, अडखळला की लोक कान देतात. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा, गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, मिळालं तर फारच उत्तम. जातीच्या दाखल्यासाठी लोकांनी ते आधीच पालथं घातलेलं असतं, त्यामुळं ते सगळ्यांच्या ओळखीचं. १९१८ सालच्या तापाच्या साथीची पानं त्यात हाती लागली तर मृत्यूच्या रकान्यांकडे बघ. पण नावं झाकून दाखव, आणि कुणाच्या घरची नोंद असेल तर आधी त्या घरी जाऊन विचार. तिथं जात लिहिलेली असते, आणि तुला गावातच राहायचंय.

सांस्कृतिक कार्यक्रमाचं थोडक्यात. भाषणानंतर ऑर्केस्ट्रा नको. तुमच्या आळीत जात्यावर दळलेल्या बायका अजून आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या संशोधकांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या अशाच बायांच्या तोंडच्या. पण माइक देऊन उभं केलंस तर एकीला चार ओळी आठवणार नाहीत. जातं मांड, दोघींना समोरासमोर बसव, मूठभर धान्य टाक आणि माइक जमिनीवर ठेव. खुंटा फिरायला लागला की ओवी येते. कोण कुठल्या गावची सासुरवाशीण, कुठला पूर, कुठला दुष्काळ, सगळं त्यात निघतं. कुणाला तरी लिहून घ्यायला बसव आणि गाणारीचं नाव, माहेर, सासर लिही. ‘पारंपरिक’ असं लिहिलेलं मला दिसलं तर मी वही फाडीन.

वेळ रात्री साडेआठची ठेव, धारा-जेवणं उरकल्यावर. पेरणी आणि लग्नसराई टाळ. पत्रिका छापू नकोस, शाळेतल्या पोरांना निरोप दे. ती आयांना घेऊन येतात.

खजिनदारांशी भांडू नकोस, हे मी सांगतोय म्हटल्यावर तुला हसू येईल. त्यांना म्हण, मोठा वक्ता आणा, हरकत नाही, फक्त संध्याकाळी त्यांना आधी वीरगळीपाशी न्यायचं आणि तिच्यावर पहिली दहा मिनिटं बोलायला लावायचं. नाही म्हणाले तर तो वक्ता आपला नाही. ही एक अट सोडू नकोस. बाकी हार, शाल, दीपप्रज्वलन, सगळं त्यांच्या मनासारखं होऊ दे.

तारीख ठरली की कळव. दोन टॉर्च आण, एकाचे सेल ऐन वेळी जातात. मी येईन, पण मला खुर्चीत बसवून अध्यक्ष करू नकोस. मानधनाचं खजिनदारांना काही बोलू नकोस, पंचाहत्तरी उलटल्यापासून माझी एसटी तशीही फुकट आहे.

तुझा,
काका