समुद्र नाही, मग राज्यपक्षी सीगल कसा?

प्रश्न: लेक यंदा शिकायला सॉल्ट लेक सिटीला गेलीये. तिने फोटो पाठवले त्यात अमेरिकेतल्या त्या युटा राज्याच्या झेंड्यावर मधमाश्यांचं घर, आणि राज्यपक्षी म्हणे सीगल. नकाशा काढून बघितला तर समुद्र हजारेक किलोमीटर लांब! हे कसं काय? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, प्रश्न फार आवडला, कारण युटाची सगळी गोष्ट त्या दोन चित्रांत आहे.

1847 च्या जुलैत मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोक त्यांचा पुढारी ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग तिथे पोचले. पूर्वेकडे त्यांना कोणी टिकू देईना, म्हणून कोणाला नको असलेला हा कोरडा मुलुख त्यांनी धरला (कोणाला नको म्हणजे गोऱ्यांना, यूट आणि शोशोनी लोक आधीपासून राहतच होते, युटा नाव यूट लोकांवरूनच आलंय). पुढे आलेल्या तुकडीने पहिलं काम काय केलं तर ओढा अडवला, पाट काढला, जमीन भिजवली आणि बटाटे लावले. सांगलीकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको, पाण्याशिवाय तिथे काहीच उगवत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी, 1848 मध्ये पीक जरा वर आलं आणि नाकतोड्यांच्या झुंडी पडल्या. अंगठ्याएवढे, उडता न येणारे, चालत येऊन शेत साफ करणारे. तेव्हा सीगल, म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावर थंडीत येतो त्या कुरवाचा भाऊबंद, थव्याने आले आणि नाकतोडे खाऊ लागले. पीक त्यांनीच वाचवलं अशी श्रद्धा आहे, तेव्हाच्या नोंदी एवढ्या ठाम नाहीत, चमत्काराचा भाग नंतर वाढत गेला असं इतिहासकार म्हणतात. पण पक्षी होते हे खरं, कारण तिथे समुद्र नसला तरी ग्रेट सॉल्ट लेक हे मोठं खारं तळं आहे आणि त्याच्या बेटांवर ते अंडी घालतात. 1913 मध्ये शहरात त्यांचं स्मारक झालं, 1955 मध्ये राज्यपक्षी.

मधमाशी त्याच लोकांची. त्यांना राज्याचं नाव 'डेझरेट' हवं होतं, त्यांच्या धर्मग्रंथात त्याचा अर्थ मधमाशी, म्हणजे सगळ्यांनी मिळून राबायचं. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, ते नाव नाकारलं. मॉर्मनांच्या बहुपत्नीत्वावरूनही वाद चालला, 1890 मध्ये त्यांच्या चर्चने ती प्रथा अधिकृतपणे सोडली आणि मग 1896 मध्ये युटा 45वं राज्य झालं. नाव गेलं पण पोळं राहिलं, 2024 पासूनच्या नव्या झेंड्यावर तर मधोमध तेच आहे.

पोटापाण्याचं म्हणाल तर 1869 ला रेल्वेचे पूर्व-पश्चिम रूळ युटातच जोडले गेले, बिंगहॅम कॅन्यनची तांब्याची उघडी खाण 1906 पासून चालू आहे, खोली एक किलोमीटरच्या वर. आता सॉफ्टवेअर आणि पर्यटन. पण मला सांगायचंय ते वेगळ्याच मालाबद्दल. त्या खाऱ्या तळ्यात आर्टेमिया नावाची चिमुकली कोळंबी होते, तिची अंडी म्हणजे हातावर घेतली तर तपकिरी भुकटी, डब्यात भरून वर्षानुवर्षं ठेवा, मिठाच्या पाण्यात टाका की दिवसभरात वळवळायला लागतात. कोळंबीच्या हॅचरीत बारक्या पिल्लांना हाच घास देतात, जगभर विकला जातो. 2023 मध्ये शाळकरी मुलांनी मागणी लावून धरली आणि या जिवालाही राज्यचिन्ह केलं.

आणि आता नेमकं तळंच आटतंय. लोणारसारखंच त्यालाही बाहेर जायला वाट नाही, आलेलं पाणी फक्त वाफ होऊन जातं, म्हणून नद्यांतून पाणी कमी आलं की पातळी लगेच उतरते. नद्यांचं पाणी जातं कुठे? बरंचसं शेतीला, त्यातही गुरांच्या लसूणघासाला. म्हणजे 1847 चा तो पाटच वाढत वाढत इथवर आला. नोव्हेंबर 2022 मध्ये आजवरची सगळ्यात खालची पातळी नोंदली गेली. पाणी घटलं की खारटपणा वाढतो, कोळंबी आणि तिथल्या माश्या तग धरत नाहीत, आणि सीगल बऱ्याच अंशी जगतात त्यांच्यावर. पुढच्या हिवाळ्यात भरपूर बर्फ पडलं म्हणून थोडं सावरलं इतकंच.

लेकीला सांगा, एकदा त्या तळ्यातल्या अँटिलोप आयलंड बेटावर जाऊन ये. काठाला पक्षी दिसतील, चोचीवर लाल आणि काळा असे दोन ठिपके असले की तोच समजायचा. आणि पाणी रस्त्यापासून किती लांब गेलंय त्याचाही एक फोटो काढून पाठव म्हणावं.